आडात नाही, तरी पोहऱ्यात!

मूल जन्माला आलं की बारशाच्या आधीच वाटणी सुरू होते. नाक आजीचं, कान मामाचे, आणि हट्टीपणा अर्थातच 'त्यांच्याकडचा'. आजाराची गोष्ट निघाली की मात्र सूर बदलतो. 'आमच्याकडे असलं काही नव्हतं' इथून सुरुवात होते आणि गाडी बहुतेक वेळा सुनेच्या माहेरापाशी येऊन थांबते. जनुकांचा हिशेब इतका सरळ नसतो, पण काटेकोर असतो आणि भलताच रंजकही. त्यातलेच हे काही मासले.

एक पुरतं की दोन लागतात?

जवळपास प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडूनही दुसरीवर काम भागत असेल तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त 'वाहक' होतो. दोन्ही बिघडल्या तरच आजार. हा अप्रभावी प्रकार. एकच प्रत बिघडली की आजार दिसला, तर तो प्रभावी. त्यामुळे अप्रभावी आजार घरात यायला आई आणि वडील दोघांचीही एकेक बिघडलेली प्रत लागते. 'तिच्या माहेरचं' हे निदान तिथेच बाद!

न केलेलं परवडतं, बिघडवलेलं नाही

हाडांना बळ देणारं कोलॅजेन तीन धाग्यांच्या पिळातून बनतं. त्यातले दोन धागे एका जनुकाचे, तिसरा दुसऱ्याचा. पहिल्या जनुकाची एक प्रत पार बंद पडली तर कोलॅजेन निम्मं बनतं, पण बनतं ते चांगलं. हाडं जरा ठिसूळ होतात, इतकंच. तीच प्रत बंद न पडता सदोष धागा काढत राहिली तर तो चांगल्या धाग्यांत मिसळतो आणि चारातले तीन पीळ नासवतो. मग मूल जन्माआधीच हाडं मोडून घेऊ शकतं. अप्रभावी आजार पुष्कळदा विकरांचे असतात, कारण विकर निम्मं असलं तरी भागतं. प्रभावी आजारांमागे बरेचदा असा एखादा नासवणारा धागा सापडतो.

सुरकुतलेला, पण गोड

ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाणे पेरले आणि मोजले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे गोल आले. पुढच्या पिढीत सुरकुत्या परत हजर: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक. सुरकुत्या पडतात का, हे कळायला मात्र १९९० साल उजाडलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय, हे तेव्हा सापडलं. त्या दाण्यात साखरेचं स्टार्च नीट होत नाही, साखर आणि पाणी जास्त साठतं, आणि वाळताना साल सुरकुतते. म्हणजे शाळेत शिकलेला हा सर्वांत प्रसिद्ध अप्रभावी गुण मुळात वाटाण्याच्या चयापचयातला बिघाड. आणि हाच बिघडलेला वाटाणा गोड लागतो म्हणून आपण तो फ्रीजरमध्ये भरून ठेवतो!

लंगोटावर लागलेला शोध

माणसातला पहिला अप्रभावी आजार सापडला तो बाळाच्या लंगोटावर. लंडनचे डॉक्टर आर्किबाल्ड गॅरड यांच्याकडे एक मूल होतं, त्याची लघवी हवा लागली की काळी पडे. आतड्यातल्या जंतूंमुळे असं होतं, अशी तेव्हाची समजूत. त्या मुलाची आई पुन्हा बाळंत होणार हे कळल्यावर गॅरडनी परिचारिकांना नव्या बाळाच्या लंगोटांवर नजर ठेवायला सांगितलं. थोड्याच दिवसांत तेही काळे! जंतूंना इतक्या लवकर जम बसवता येत नाही. शिवाय अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा सख्खी चुलत-मावस भावंडं निघत. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी त्यात मेंडेलचा नियम ओळखला आणि १९०२ साली गॅरडचा लेख आला. आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

'प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरणारच', हा गैरसमज विद्वानांनाही होता. माणसात नोंदलेला पहिला प्रभावी गुण म्हणजे आखूड बोटं. १९०८ साली इंग्लंडमध्ये प्रश्न निघाला की हा गुण प्रभावी असेल, तर चारातल्या तिघांची बोटं आखूड का दिसत नाहीत? आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनाल्ड पनेट यांना उत्तर सुचेना. त्यांनी तो प्रश्न आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या एका गणित्याला विचारला. त्याने जुजबी बीजगणिताने दाखवून दिलं की बाहेरून कोणता दबाव नसेल, तर प्रभावी असो वा अप्रभावी, जनुकाचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या होतं तेवढंच राहतं. हा गणिती म्हणजे जी. एच. हार्डी. पाच वर्षांनी मद्रासहून रामानुजनचं पत्र ज्यांना गेलं, तेच. आपलं गणित कुणाच्या उपयोगाचं नाही याचा हार्डींना अभिमान होता. आज जगभरचे आनुवंशिकी शिकणारे विद्यार्थी त्यांचं तेवढंच एक सूत्र पाठ करतात.

निळ्या माणसांना निळं औषध

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ट्रबलसम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी १८२० च्या सुमारास मार्टिन फ्युगेट आणि एलिझाबेथ स्मिथ यांनी घर केलं. दोघांकडे एका दुर्मीळ अप्रभावी जनुकाची एकेक प्रत होती, हा निव्वळ योगायोग. त्यांची काही मुलं चक्क निळ्या कातडीची झाली. डोंगरात रस्ते नव्हते, लग्नं आसपासच्या चार घरांतच जुळत, आणि निळी मुलं पिढ्यान्‌पिढ्या जन्मत राहिली. १९६० च्या दशकात मॅडिसन कावीन या डॉक्टरांनी कारण शोधलं. रक्तातलं हिमोग्लोबिन पूर्वपदावर आणणारं एक विकर या माणसांत नव्हतं. औषध म्हणून त्यांनी टोचलं मेथिलिन ब्लू, म्हणजे निळा रंगच. काही मिनिटांत निळी माणसं गुलाबी झाली. त्यानंतर रोज गोळी, आणि लघवीतून निळा रंग बाहेर.

परळचा पत्ता असलेला रक्तगट

१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं, जे तपासणीत 'ओ' दिसे पण 'ओ' रक्ताशीही जुळत नसे. 'लॅन्सेट'मध्ये लेख आला आणि जगाला 'बॉम्बे रक्तगट' मिळाला. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही.

गंमत अशी, की 'ए' आणि 'बी' हे दोन्ही गट 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. 'एच'च्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर पायाच नाही, मग जनुकात 'ए' किंवा 'बी' लिहिलेलं असूनही ते रक्तात दिसत नाही. अशी व्यक्ती आपला लपलेला 'ए' किंवा 'बी' मुलांना मात्र देऊ शकते. 'एबी' गटाच्या वडिलांना 'ओ' गटाचं मूल होणं पुस्तकाप्रमाणे अशक्य. पण त्या मुलाला दोन्ही पालकांकडून निकामी 'एच' मिळाला असेल, तर ते 'ओ'सारखंच दिसणार. प्रसूतिगृहात बाळ बदललं म्हणून भांडण काढण्याआधी, किंवा त्याहून वाईट शंका घेण्याआधी, ही एक तपासणी करून घ्यावी.

भारतात साधारण १०,००० मागे एकाचा हा गट असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. रक्त घ्यायची वेळ आली की मात्र फक्त बॉम्बे गटाचंच चालतं.

आडात नसलेलं पाणी

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. जनुकं ही म्हण मानत नाहीत. अकॉन्ड्रोप्लेजिया हा ठेंगणेपणाचा सर्वांत आढळणारा प्रकार प्रभावी आहे, तरी अशी ८० टक्क्यांहून अधिक मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घराण्यात कुणीच नसतं. वडिलांच्या शुक्रपेशीत डीएनएची नक्कल होताना एका अक्षराची चूक होते, आणि जगभर जवळपास सगळ्या रुग्णांत ती त्याच जागी झालेली असते. वडिलांचं वय वाढतं तशी ही शक्यताही वाढते. वय वाढलं म्हणून टोमणे आईला, आणि टंकनदोष वडिलांकडचा!

उलटा हिशेबही पाहा. दोघं पतीपत्नी याच प्रकारचे ठेंगणे असतील, तर त्यांचं मूल सर्वसाधारण उंचीचं होण्याची शक्यता चारात एक असते. आणि त्या मुलाकडून पुढे हा आजार जात नाही, कारण त्याच्याकडे तो लपलेलाही नसतो.

'पा' आणि वारसा

२००९ च्या 'पा' या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी प्रोजेरिया, म्हणजे अकाली म्हातारपणाचा आजार झालेला मुलगा रंगवला. या आजाराचं जनुक २००३ साली सापडलं. आजार प्रभावी आहे, एकच बिघडलेली प्रत पुरते. तरीही तो जवळजवळ कधीच वारशाने येत नाही. बहुतेक मुलांचं आयुष्य किशोरवयाच्या आसपासच संपतं, त्यामुळे तो पुढे द्यायला कुणी उरत नाही. जवळपास प्रत्येक रुग्ण हा नवाच बिघाड असतो.

उशिरा येणारं बिल

मग घातक प्रभावी आजार टिकतात तरी कसे? उत्तर आहे उशीर. हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो, तोवर मुलंबाळं झालेली असतात. जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टरने १८७२ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्या हाताशी वडिलांच्या आणि आजोबांच्या नोंदी होत्या, तेही डॉक्टरच. आजाराच्या पिढ्या कळायला डॉक्टरांच्याही तीन पिढ्या लागल्या.

या जनुकात डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. सत्तावीसपेक्षा कमी वेळा असतील तर चिंता नाही. चाळीस किंवा जास्त वेळा असतील तर आयुष्य पुरेसं लाभल्यास आजार ठरलेला. वडिलांकडून येताना ही संख्या वाढू शकते आणि मग पुढच्या पिढीला आजार लवकर गाठतो. जनुकाचा शोध लागला व्हेनेझुएलातल्या माराकाइबो तलावाकाठच्या वस्त्यांमुळे, जिथे हा आजार जगात सर्वाधिक आहे. नॅन्सी वेक्सलर वर्षानुवर्षं तिथे जाऊन रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करत राहिल्या. १९८३ मध्ये जनुकाचा ठावठिकाणा लागला, १९९३ मध्ये जनुक हाती आलं. वेक्सलर यांच्या आईला हाच आजार होता. तो आपल्यालाही झाल्याचं त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं.

लग्नाचा दाखला, साल १६८८

दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो लोकांच्या एका प्रभावी आजाराची, पॉर्फिरियाची, पाळंमुळं डॉ. जेफ्री डीन यांनी खणत नेली ती १६८८ साली केपमध्ये झालेल्या एका डच जोडप्याच्या लग्नापर्यंत. त्या काळी या जनुकाचा फारसा त्रास नव्हता. कातडी नाजूक, उन्हात हात सोलायचे, एवढंच. विसाव्या शतकात बार्बिट्युरेट जातीची भुलीची आणि झोपेची औषधं आली, आणि त्याच घराण्यांतली माणसं औषधाने दगावू लागली. जनुक जुनंच होतं, जग बदललं.

एक जनुक, तीन हुद्दे

नंदुरबारच्या सातपुड्यात किंवा गडचिरोलीत आरोग्य केंद्रावर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली तपासणी बघण्यासारखी असते. बोटाला सुई, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात, आणि नळीच्या मागे रेघा काढलेला कागद. रेघा स्वच्छ दिसल्या तर प्रश्न मिटला. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसट झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस. तिथे वाहकाच्या रक्ताचे दोन पट्टे उमटतात, रुग्णाचा एक. गावात बोलताना याला 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' म्हणतात.

आता प्रश्न असा, की हे जनुक प्रभावी की अप्रभावी? आजार पाहिला तर अप्रभावी, कारण दोन प्रती लागतात. पट्टे पाहिले तर सहप्रभावी, कारण दोन्ही प्रती आपापली सही करतात. आणि मलेरिया पाहिला तर प्रभावी, कारण एकच प्रत असली तरी जिवावरच्या मलेरियापासून बराच बचाव होतो. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिलं ते याच फायद्यामुळे. ज्या जनुकाने पणजोबांना तारलं, तेच पणतवंडाला दोन्हीकडून मिळालं की सांधे दुखवून रात्र रात्र रडवतं.

मामा, मावशी आणि नाताळ

रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, हिमोफिलियाचं, जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींकडे एक्स दोन, मुलांकडे एकच. त्यामुळे आई वाहक आणि रुग्ण मुलगा, असं चित्र दिसतं. हे शास्त्राच्या फार आधी ज्यू धर्मपंडितांनी ओळखलं होतं. ताल्मुदात म्हटलंय की दोन मुलगे सुंतेनंतर रक्तस्राव होऊन गेले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये. सख्ख्या बहिणींची मुलं अशी गेली असतील तरी हीच सूट. म्हणजे मावसभावांचा धागा त्यांनी बरोबर पकडला होता.

व्हिक्टोरिया राणीकडून हा आजार युरोपच्या राजघराण्यांत गेला, रशियाच्या युवराज अलेक्सीपर्यंत. त्यांच्या घराण्याच्या अस्थींवरून २००९ साली सिद्ध झालं की तो हिमोफिलिया 'बी' होता. याचं दुसरं नाव ख्रिसमस डिसीज. नाताळाशी संबंध नाही, पहिल्या नोंदलेल्या मुलाचं आडनाव ख्रिसमस. पण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो लेख छापला मात्र १९५२ च्या नाताळ अंकात.

डोळे ठेवून गेलेला शास्त्रज्ञ

अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन स्वतः रंगांध होते, त्यांचे भाऊही. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे आपल्याला असं दिसतं, अशी त्यांची खात्री. मेल्यावर डोळे तपासा, असं त्यांनी सांगून ठेवलं. १८४४ मध्ये ते तपासले, तर द्रव काचेसारखा स्वच्छ. डोळे टाकून न देता जपून ठेवले होते, म्हणून १९९५ मध्ये त्यातला डीएनए तपासता आला. हिरव्या रंगासाठीचं जनुकच नव्हतं. स्वतःवरचा प्रयोग पूर्ण व्हायला दीडशे वर्षं लागली, आणि सिद्धांत चुकीचा निघाला तरी दान सत्कारणी लागलं.

डब्यावरचं ते लांबलचक नाव

डाएट कोलाच्या कॅनवर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर फेनिलकीटोन्युरिक्स' छापलेलं असतं. ही सूचना एका अप्रभावी आजाराच्या रुग्णांसाठी आहे. त्यांना फेनिलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतला घटक पचत नाही, आणि अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम साखरेत ते असतं. हा आजार उजेडात आला एका आईच्या चिकाटीने. नॉर्वेच्या बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुलं मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला चमत्कारिक वास येई. एकामागून एक डॉक्टर झाले, पण कुणी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवी झाली. नेहमीच्या चाचणीत हिरवा रंग येत नाही. आज बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार जन्मतःच ओळखता येतो, आणि पथ्य वेळेत सुरू केलं तर मेंदू वाचतो. जनुक जन्माचं, तरी परिणाम ताटातून बदलता येतो.

डांबरगोळ्या आणि बाळंतविडा

जी६पीडी नावाच्या विकराची कमतरताही एक्स गुणसूत्रावरची. मुंबईच्या पारशी समाजात तिचं प्रमाण जास्त असल्याचं १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं. असं मूल एरवी अगदी छान असतं. पण मलेरियाचं प्रायमाक्विन दिलं, किंवा ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले जुने कपडे काढून थेट बाळाला चढवले, तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविड्यातली जुनी झबली आधी धुऊन कडक उन्हात वाळवावीत, हे आजीचं म्हणणं ऐकावं.

गोत्र वेगळं, हिस्सा तोच

सगोत्र लग्न नको म्हणणाऱ्या कित्येक घरांत मामाची मुलगी मात्र हक्काची. जनुकांचा हिशेब याच्या उलट. गोत्र फक्त बापाची ओळ मोजतं. शंभर पिढ्यांपूर्वीचा पूर्वज एक मानला, तरी आजच्या दोन सगोत्र अनोळखी माणसांत त्याचं सामायिक असं जवळपास काही उरत नाही. मामाच्या मुलीशी मात्र सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामायिक, गोत्र कितीही वेगळं असो. कर्नाटक-तमिळनाडूत चालणाऱ्या मामा-भाचीच्या लग्नात तर चौथा हिस्सा.

याचा अर्थ अशी लग्नं म्हणजे हमखास संकट, असाही नाही. कोणत्याही जोडप्याच्या मुलात जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असतेच. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. घरात आधीच एखादा अप्रभावी आजार दिसलेला असेल तर मात्र गणित वेगळं. तिथे लग्न ठरवण्याआधी आनुवंशिकी समुपदेशकाला गाठावं.

जातीत लग्न, भुलीत जाग

नात्यातलं लग्न टाळलं पण जातीतलंच केलं, तर? २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यांतले ८१ असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा पूर्व युरोपीय ज्यूंपेक्षाही ठळक होती. लोकसंख्या लाखांत, पण मूळ मूठभर माणसांचं.

याचा रोकडा नमुना आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात दिसतो. शस्त्रक्रियेआधी स्नायू सैल करायला देतात त्यातल्या एका औषधाचा असर काही मिनिटांत उतरतो. ते मोडणारं विकर नसेल तर रुग्ण तासन्‌तास हलू शकत नाही, श्वासही यंत्रानेच घ्यावा लागतो. हा अप्रभावी दोष या समाजात इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. तिकडचे भूलतज्ज्ञ हे लक्षात ठेवूनच औषध निवडतात.

नाण्याला आठवण नसते

आईवडील दोघंही एकाच अप्रभावी आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मुलाची शक्यता चारात एक. 'पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन ठीक' हा हिशेब साफ चूक, कारण प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. अशा जोडप्याची तिन्ही मुलं निरोगी निघण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. म्हणून कित्येक घरांत हे जनुक आहे हे पिढ्यान्‌पिढ्या कळतही नाही. आणि आजारी मुलाचं धडधाकट भावंड वाहक असण्याची शक्यता किती? निम्मी नव्हे, तीनात दोन. कारण चौथी शक्यता, म्हणजे आजाराची, त्याच्या बाबतीत आधीच बाद झालेली असते.

उणे अधिक उणे

आईवडील दोघंही जन्मतः कर्णबधिर, किंवा दोघंही त्वचेत रंगद्रव्य नसलेले, आणि मूल मात्र ऐकणारं किंवा सावळं. यातही गैर काही नाही. या अवस्था वेगवेगळ्या जनुकांच्या बिघाडातून येऊ शकतात. आईचं एक जनुक मोडलेलं, वडिलांचं दुसरंच. मुलाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत मिळते आणि दोन्ही कामं चालू राहतात.

जीभ वळते, म्हणून काय झालं?

जीभ नळीसारखी वळवता येणं हा प्रभावी गुण, असं १९४० साली आनुवंशिकीतज्ज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडलं. पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाची वळते, दुसऱ्याची नाही, असं आढळलं. स्टर्टेव्हंटनी स्वतःच माघार घेतली. शाळांमध्ये मात्र वर्गभर जिभा अजून बाहेर येतात. चिकटलेली कानाची पाळी आणि मोकळी पाळी यांचंही तेच, मधले सगळे प्रकार दिसतात. कानावरचे केस फक्त बापाकडून लेकाला, वाय गुणसूत्रातून मिळतात, हेही भारतीय पुरुषांच्या तपासणीने २००४ साली खोटं पाडलं. तेव्हा मुलाच्या जिभेवरून बापाची परीक्षा घेऊ नये.

पत्रिका ठेवा, रिपोर्टही ठेवा

सायप्रसमध्ये थॅलेसेमिया हा रक्ताचा अप्रभावी आजार इतका होता की १९८० च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यावर निकाल नसतो, तपासणी झाली आणि समुपदेशन मिळालं एवढंच असतं. लग्नं थांबली नाहीत, पण थॅलेसेमियाची नवी बाळं जवळपास थांबली. न्यूयॉर्कच्या ज्यू समाजात १९८३ मध्ये राबाय जोसेफ एकस्टाइन यांनी 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. त्यांची चार मुलं टे-सॅक्स या अप्रभावी आजाराने गेली होती. तरुणांचं रक्त तपासून त्यांना फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक फोनवर सांगायचे, आणि उत्तर येतं 'जुळतं' किंवा 'जुळत नाही'. कोण कशाचं वाहक, हे गावभर होत नाही.

आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं लक्ष्य आहे. थॅलेसेमियासाठी तर रक्ताची एक साधी तपासणी पुरते. 'एचबीए-टू'चं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं तर बहुधा वाहक. आयुष्यात एकदाच करायची, कारण उत्तर बदलत नाही.

वाहक निघालात म्हणून स्थळ मोडायचं कारण नाही. जोडीदार वाहक नसेल तर त्या आजाराचं मूल होत नाही. दोघंही वाहक असाल तरी लग्न करता येतं. फक्त गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करून घेण्याचा मार्ग आधीच समजून घ्यायचा. मंगळ दोघांच्या पत्रिकेत असला तर चालतो म्हणतात. इथे नेमकं उलट. एकाकडे असेल तर खुशाल अक्षता टाका. दोघांकडे असेल तर भटजींच्या आधी डॉक्टर.